दुसऱ्या भागातली आई

माझी नातवंडं म्हणतात, आजीला सिनेमा आवडत नाही. साफ खोटं. सिनेमा मला आवडतो. रडायचं तिथं पदर डोळ्यांना लावून रडते, हसायचं तिथं खळखळून हसते. फक्त दुसरा भाग लागला की मी उठते आणि गॅसवर काही नसलं तरी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. नाताळच्या सुटीत टीव्हीवर तसले सिनेमे हमखास असतात. बर्फ पडतोय, घरात झाड आणलंय, बाप शिडीवरून पडतोय, पोरं दात काढतायत. परवा थोरला नातू हात धरून बसवायला लागला. म्हणाला, आजी, पहिल्यापेक्षा दुसरा भारी आहे. मी म्हटलं, तुझा भारी तुलाच लखलाभ. पोरगं हिरमुसलं. त्याचा काय दोष? म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही घाटाखालचे, आमचं गाव रोहिणखेडच्या पलीकडं. घाट चढून वर जायचं ते कचेरीच्या कामाला, नाही तर दवाखान्यात. माझी माय दवाखान्यासाठी गेली. कापूस वेचताना तिला खोकल्याची उबळ यायची आणि ती ओळीतच खाली बसायची. सोबतच्या बायका म्हणायच्या, धूळ गेली असेल. वैद्याचे काढे झाले, दृष्ट काढून झाली. मग एक दिवस पदराला रक्त दिसलं आणि बाबांनी गाडी जुंपून तिला एस.टी.च्या फाट्यावर नेलं.

घाटावर गावाबाहेर मिशनचा एक दवाखाना होता. त्यात टीबीचा वार्ड वेगळा होता, लांबच लांब ओसरी आणि ओसरीवर ओळीनं खाटा. डॉक्टरीणबाई गोरी होती. ती मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळं ‘कृपया’, ‘आपण’ असं बोलायची, आणि आमच्या माणसांच्या ते डोक्यावरून जायचं. म्हणून एक कंपाउंडर कायम तिच्यासोबत असायचा. तो आमच्याच भागातला, मिशनच्या शाळेत शिकलेला. बाईचं पुस्तकी मराठी वऱ्हाडीत करून सांगणं हे त्याचं निम्मं काम होतं, आणि ते तो मनापासून करायचा. बाई जेवढं बोलायची त्याच्या दुप्पट तो सांगायचा. मायला वर्षभर तरी राहावं लागेल, सुया घ्याव्या लागतील, हे बाबांना त्यानंच समजावलं.

घरी राहिलो मी आणि धाकटा भाऊ. मी शाळेत जाणारी. त्याचं अंगावरचं दूध नुकतं सुटलेलं. पोरांचं कोण बघणार, म्हणून मायची धाकटी बहीण आमच्याकडं आली. मावशीचं लग्न तेव्हा ठरल्यातच जमा होतं. वडनेर भोलजीचं स्थळ होतं, मुलगा बघून गेला होता, पसंतीही कळवली होती. बहीण बरी होऊन घरी आली की सुपारी फोडू, असं मायच्या माहेरच्यांनी त्यांना सांगितलं. मावशी दुपारी ओट्यावर बसून क्रोशाचा रुमाल विणायची आणि विणताना गुणगुणायची. तिला आमच्या घरी राहायचंच नव्हतं, पाहुणी म्हणून आली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिल्या वर्षी नाताळाला मिशनवाल्यांनी सगळ्या रोग्यांच्या घरच्यांना बोलावलं. सिनेमा दाखवणार होते, फुकट. आमच्या घरात तोवर कोणी सिनेमा पाहिलेला नव्हता. बाबा, मावशी, मी आणि मावशीच्या कडेवर भाऊ, असे आम्ही वर गेलो. दवाखान्याच्या पटांगणात दोन कडुनिंबांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधली होती. पण बसायची रीत वेगळी होती. टीबीचे रोगी चादरीच्या मागच्या बाजूला आणि आम्ही घरचे पुढच्या बाजूला. चादर पातळ होती, दोन्हीकडून चित्र दिसायचं, आणि त्यांचा खोकला आमच्या अंगावर यायचा नाही. डॉक्टरीणबाईनं लेकरांच्या काळजीपोटीच तसं केलं होतं. दिवेलागणीला इंजिन धडधडायला लागलं, चादर उजळली, आणि माझी माय चादरीच्या पलीकडं गेली.

सिनेमा इंग्रजी होता. कंपाउंडर हातात पत्र्याचा भोंगा घेऊन चादरीच्या कडेला उभा राहिला, म्हणजे त्याचं दोन्हीकडं ऐकू जाईल. ‘हा घरचा मालक. लय हट्टी मानूस. यायच्या सनाले घरात झाड लागते, तं हा सगळ्यायपेक्षा मोठं झाड आनून राह्यला.’ झाड दारातून आत जाईना. मग खिडकी काढली. आमच्या बाजूचे शेतकरी म्हणाले, उभं झाड तोडून घरात कायले नेते हा येडा? शेवटी ते झाड झोपलेल्या म्हाताऱ्यावर पडलं. कुत्र्यानं भाजलेलं कोंबडं पळवलं. त्या घरातली आई चांगली जाडजूड होती, नाकाला पीठ लागलेलं. ती डोक्यावर चढवलेला चष्मा सगळ्या घरात शोधत फिरत होती, आणि जो समोर येईल त्याला रागं भरत होती.

तेव्हा चादरीच्या मागून एक हसणं आलं. एकदम मोकळं, वर चढत जाणारं, थांबायचं नाव नाही. मी कोणाचं म्हणून बघायला लागले. बाबा वाकून मावशीला म्हणाले, हे तिचंच हाय का? मावशी म्हणाली, हाव, लहानपनी अशीच हासे थे. आमच्या घरी मायचं हसणं म्हणजे पदर तोंडात कोंबून खांदे हलवणं. सासुरवाशिणीनं आवाज काढून हसायचं नसतं. त्या चादरीमागं ना सासर होतं ना भाऊकी. तिथं सगळेच मरणाला टेकलेले, मग कोण कोणाला बोल लावणार? बाबा त्यापुढं सिनेमा बघतच नव्हते. ते चादरीकडं कान लावून बसले होते, आणि पुढं वर्षभर त्यांनी मला सांगितलं की तो सिनेमा फार चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या कठड्याशी भेट झाली. ती कठड्याच्या आत, आम्ही दूर अंगणात. माय म्हणाली, त्या देशात सगळे डावखुरे असतात का वो? बाबा म्हणाले, छट्, उजव्या हातानंच तं जेवून राह्यले होते. ती म्हणाली, मी काय आंधळी हाय? दोघं चांगले वाद घालत बसले. मग कंपाउंडरनं येऊन सांगितलं की मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. माय पुन्हा हसली, या वेळी पदर लावून. चष्मा शोधणाऱ्या त्या बाईला ती ‘आपली बाई’ म्हणायची. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की याचा पुढचा भागही तिकडं निघाला आहे, पुढच्या नाताळाला आणवते. माय म्हणाली, ‘पुढच्या साली आपली बाई काय करते थे पाहीन, अन् मंगच घरी येईन.’

ती हे थट्टेनं म्हणाली. डॉक्टरीणबाई तर तिला आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, घरी सोडणार होती. पण आखाजीला ताप आला. मग म्हणाले, पोळ्याला. पोळ्याला बाबा बैल धुऊन, सजवून, दारात उभे करून मायला आणायला गेले आणि एकटेच परत आले. एका बाजूचं फुप्फुस पार गेलं होतं, दुसरीकडंही डाग दिसत होता. बाबांनी हे आम्हाला सांगितलं नाही. त्यांनी बैलांची शिंगं पुसून काढली, झुली घडी करून ठेवल्या आणि त्या दिवशी पुरणाला कोणी हात लावला नाही.

त्याच सुमारास वडनेरवाल्यांनी दुसरीकडं सोयरीक केली. त्यांचंही खरं, किती दिवस थांबतील? मावशीनं क्रोशाची सुई पेटीत टाकली आणि गुणगुणणं बंद झालं. भाऊकीतल्या बायका आता येता-जाता बाबांना सुचवायला लागल्या की बाहेरची आणण्यापेक्षा घरातलीच बरी, लेकरांना जीव लावते, रक्ताची आहे. माय जिवंत होती हो! जिवंत माणसाच्या जागेची अशी वाटणी चालली होती. बाबा एकदा इतके कडाडले की बायका बरेच दिवस ओट्यावर चढल्या नाहीत. पण ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती आणि तिला कोणी काही विचारलं नाही.

आणि भाऊ मावशीला माय म्हणायला लागला. कोणी शिकवलं नव्हतं. शेजारची पोरं ज्या बाईच्या मागं मागं फिरतात तिला माय म्हणतात, म्हणून तोही म्हणायला लागला. मावशी पहिल्यांदा त्याला दटावायची, मले मावशी म्हन. तो दोन दिवस मावशी म्हणायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा माय. शेवटी तिनं नाद सोडला. दुसऱ्या नाताळाला वर जाताना मात्र बाबांनी त्याला एस.टी.त मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा बजावलं, हे मावशी हाय, अन् तिथं माय हाय. भाऊ मान डोलवत होता आणि खिडकीतून घाटातली माकडं बघत होता.

पटांगण तेच, कडुनिंब तेच, चादरही बहुधा तीच. आमच्या मागं एक म्हातारी बसली होती, तिचा लेक वार्डात होता. तिनं आपणहून सगळी चौकशी केली, कोणत्या गावचे, कोण आजारी, ही कोण. मावशीनं सांगितलं, मी मावशी. म्हातारी चुकचुकली. मला तिचं चुकचुकणं आवडलं नाही, मी तिच्याकडं पाठ करून बसले. इंजिन सुरू झालं. कंपाउंडर भोंगा घेऊन आला आणि गेल्या वर्षीची गोष्ट त्यानं थोडक्यात पुन्हा सांगितली, म्हणजे नवीन आलेल्यांना कळावं. मी चादरीकडं तोंड करून मायचं हसणं कधी येतं त्याची वाट बघायला लागले. खरं सांगते, मला सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं.

बाप तोच होता. म्हातारा तोच. पोरं तीच, जराशी उंच झालेली, थोरल्याला मिसरूड फुटलेली. कुत्राही तोच. सगळे मोटारीत बसून म्हाताऱ्याच्या शेतावर सण करायला निघाले होते. आणि बापाच्या शेजारी मोटारीत बसली होती ती बाई वेगळीच. उंच, बारीक, पिवळ्या केसांची. पोरं तिच्या गळ्यात पडत होती, तिला मम्मी म्हणत होती. मम्मी एवढा शब्द आम्हाला गेल्या वर्षापासून माहीत होता. आमच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, बहीण असेल. कोणी म्हणे, शेजारीण. तेवढ्यात चादरीच्या मागून मायचाच आवाज आला. बारीक झाला होता, पण तिचाच. ‘कंपाउंडरभाऊ, आपली बाई कुठी गेली वो?’

 कंपाउंडर बिचाऱ्यानं सिनेमा आधी पाहिलेला नव्हता. इंजिनाच्या धडधडीत त्याला सिनेमातलं निम्मंही ऐकू येत नसणार. पण भोंगा हातात आणि सगळी माणसं त्याच्याकडं बघतायत. त्यानं थोडा वेळ चादरीवरच्या त्या बारीक बाईकडं पाहिलं. गेल्या वर्षी जी होती ती या वर्षी नाही, घर तेच, लेकरं तीच, दुसरी बाई घरात आणि लेकरं तिला माय म्हणतात. आमच्या मुलखात याचा अर्थ लावायला शिकावं लागतं का? दर चार घरांआड एक घर तसं होतं. त्यानं भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाला, ‘थे वारली. हे दुसरी केली त्यानं.’

कोणालाच नवल वाटलं नाही. दोन्ही बाजूंना माना हलल्या असतील. आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, दुसरी चांगली भेटली पन. पाहा न, पोरायच्या अंगावर पांघरूण घालते. लगेच पुढची गंमत सुरू झाली, मोटार चिखलात रुतली, बाप ढकलायला उतरला आणि चिखलातच बसला. सगळे हसले. मी ऐकत होते. चादरीच्या मागं पुरुष हसत होते, एक बाई हसत होती, ती माय नव्हती.

मग ती नवी आई गोठ्यात दूध काढायला गेली. तिला काही जमेना. गाईनं शेपटी मारली, ती बादलीसकट मागं कोलमडली आणि उघड्या पडलेल्या पायांनिशी गवताच्या ढिगात गेली. आमचा भाऊ मावशीच्या मांडीवर उभा राहिला, टाळ्या पिटायला लागला आणि ओरडला, ‘माय, पाह्य ना! माय, पडली थे!’ त्याच वेळी इंजिनानं दम टाकला. चादर काळी पडली. सगळीकडं शांत, आणि त्या शांततेत त्याचा एकट्याचा आवाज घुमला. मावशीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मागची म्हातारी म्हणाली, माय मरो अन् मावशी उरो म्हन्तात, थे खोटं नाही बाप्पा.

ही म्हण ज्यानं काढली त्याची जीभ झडो. तेव्हाही मला तसंच वाटलं होतं आणि आजही वाटतं. म्हातारीच्या मनात वाईट नव्हतं, कौतुकानंच म्हणाली. पण चादर पातळ होती. पलीकडं कोणी तरी खोकलं. ते मायचं नव्हतं, तिचा खोकला मी ओळखायची. तिच्याकडून काहीच आलं नाही. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्यापुढचा सिनेमा काय होता ते मला सांगता यायचं नाही, कारण मी फक्त ऐकत बसले होते. शेवटी सगळे झाडाभोवती उभे राहून गाणं म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मायचं हसणं आलं नाही ते नाहीच.

सकाळी कठड्याशी गेलो तेव्हा ती आधीच खुर्चीवर येऊन बसली होती. किती वाळली होती! हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिनं भावासाठी स्वेटर विणला होता, नर्सबाईकडून शिकून. नर्सबाईनं तो उकळत्या पाण्यातून काढून वाळवून आमच्याकडं दिला. मावशी भावाला घालायला लागली तर डोकंच आत जाईना. एक तर उकळून आटला होता, दुसरं म्हणजे मायनं मापाला गेल्या वर्षीचा भाऊ धरला होता. मावशीनं ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं, भाऊ रडायला लागला. माय म्हणाली, राहू द्या. मोठा झाला तो.

मग ती मावशीशी बोलली. मला वाटलं होतं ती रागावेल, रडेल, निदान टोमणा तरी मारेल. मी तिच्या जागी असते तर अंगणातल्या सगळ्यांचा उद्धार केला असता. ती अगदी घरातलं काम सांगावं तशी म्हणाली, ‘त्याले मावशी म्हनाले लावू नको आता. माय म्हन्ते तं म्हनू दे.’

 मावशीनं तो स्वेटर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मग मायनं मला विचारलं, मी हिला काय म्हणते. मी सांगितलं, मावशी.

‘तू बी माय म्हनत जाय. आता सवय करशीन तं मंग जड नाही जाईन.’

बाबा कळवळून म्हणाले, हे काय बोलून राह्यली तू, उन्हाळ्यापर्यंत बरी होशीन. तिनं त्यांना खोडून काढलं नाही. कापूस किती वेचायचा राहिला ते विचारलं, काळ्या गाईचं विचारलं, आणि थंडी वाजते म्हणून आत गेली. मावशी गप्प होती, तो बाबांनी होकार धरला. मायनंही धरला असेल. आमच्यात पोरगी गप्प राहिली की होकारच धरतात, लग्नाच्या बोलणीतसुद्धा. एस.टी.त घाट उतरताना बाबा मावशीच्या शेजारी न बसता मागं जाऊन उभे राहिले. जागा होती तरी उभे राहिले. त्यानंतर भाऊकीतली एक बाई पुन्हा ओट्यावर चढून तेच बोलली, तेव्हा बाबा कडाडले नाहीत.

माय होळीच्या आधी गेली. मिशनवाल्यांचा माणूस सांगत आला तेव्हा बाबा आणि भाऊकीतले पुरुष वर गेले आणि तिकडंच सगळं आटोपून आले. आम्हाला तिचं तोंड दिसलं नाही. तेरावं झाल्यावर तिचं सामान आणायला बाबा निघाले, तेव्हा मी हट्टानं त्यांच्यासोबत गेले. सामान ते काय? दोन लुगडी, एक पितळी पेला, लोकरीचा गुंडा. सगळं उकळून स्वच्छ केलेलं, लुगड्यांना तिचा वाससुद्धा उरलेला नव्हता.

डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि बाबांसमोर उभी राहून बराच वेळ बोलली. कंपाउंडर नेहमीसारखा सांगायला लागला. बाई म्हन्ते, लय हिमतीची होती. बाई म्हन्ते, सुईले कधी नाही म्हटलं नाही. मग बाई पुढं काही बोलली आणि कंपाउंडर थांबला. त्याचा चेहरा उतरला. बाईनं पुन्हा सांगितलं, हळूहळू, तिच्या पुस्तकी मराठीत, आणि मला तेवढं कळलं. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, आम्ही भेटायच्या आधी, मायनं तिला विचारलं होतं की ती पहिली बाई कशानं मेली. डॉक्टरीणबाईला हसू आलं. ती म्हणाली, कोणी मेलेलं नाही. आई तीच आहे. पहिली नटी मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या नटीनं तिचं काम केलं.

बाबा कंपाउंडरकडं बघत राहिले. तो खाली मान घालून म्हणाला, ‘थे मेली नोती, भाऊ. मीच चुकीचं सांगतलं.’ त्याच्यावर काय रागवायचं? त्यानं तेच सांगितलं जे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबांनी विचारलं, मग ती काय म्हणाली. डॉक्टरीणबाईनं तेही सांगितलं. माय म्हणाली होती, माझ्या घरच्यांना हे सांगू नका. बाईनं कारण विचारलं. त्याचं उत्तर तिनं मायच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमेना, तेव्हा कंपाउंडरनं सांगितलं, कारण तेव्हाही तो शेजारी उभा होता. बाईचं म्हणणं त्यानंच मायला वऱ्हाडीत सांगितलं होतं, आणि मायचं उत्तर त्याच्या पक्कं लक्षात होतं. ‘पहिली मेली हे आयकूनही माहा पोरगा हासला. हासू द्या त्याले.’

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. तिला माहीत होतं! कठड्याशी बसून ती आमच्याशी बोलली तेव्हा तिला माहीत होतं की त्या घरातली आई मेलेली नाही, बदलली सुद्धा नाही. तरी तिनं आपली जागा रिकामी करून दिली, चूलबोळक्यातली भांडी आवरावी तशी. एकदा तरी आम्हाला म्हणायचं होतं, मी अजून आहे. एकदा तरी रडायचं होतं. बाबा पूर्ण घाटभर लोकरीचा गुंडा हातात धरून बसले होते आणि मी त्यांच्याशीही बोलले नाही.

घरी आलो तेव्हा मावशी चुलीपाशी भाकरी थापत होती. भाऊ तिच्या पाठीला टेकून पिठाच्या गोळ्याची चिमणी करत होता. बाबा हातपाय धुवायला मागं गेले. मी दारात उभी राहिले. मायनं जाताना एकच काम मला सांगितलं होतं आणि ते मी अजून केलं नव्हतं. माझा राग तिच्यावर होता, पण तिनं सांगितलेलं मोडायचं माझ्यात बळ नव्हतं. म्हणून मी म्हटलं, ‘माय, भूक लागली.’

मावशीचा हात थांबला. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. ती फार तर एकोणीस-वीस वर्षांची असेल, कपाळाला पीठ लागलेलं, धुरानं डोळे लाल. म्हणाली, ‘मले इचारलं का वं कोनी?’

तिचा आवाज चढला नव्हता. ती माझ्यावर रागावलीही नव्हती. खरंच कोणी विचारलं होतं का, हे तिला माझ्याकडून कळून घ्यायचं होतं असं वाटलं. तव्यावरची भाकर करपायला लागली होती. तिनं ती उलटली, शेकली, ताटलीत टाकली आणि माझ्यापुढं सरकवली. वर तेल-तिखट घातलं. मी खाल्ली.

वर्ष उलटायच्या आत बाबांशी तिचं लग्न लागलं, घरच्या घरी, वाजंत्र्यांशिवाय. तिनं आम्हाला काही कमी केलं नाही. पुढं तिला स्वतःची लेकरं झाली, तीही आणि भाऊही तिला माय म्हणायची. घरात मी एकटीच तिला शेवटपर्यंत मावशी म्हणत राहिले. लोकांनी मला नावं ठेवली, एवढं करून पोरीच्या मनात सावत्रपणा आहे म्हणाले. तिनं मात्र मला कधी टोकलं नाही. मी मावशी म्हणून हाक मारली की ती हातातलं काम टाकून लगेच ओ द्यायची.